आयर्लंडमधील पहिले सहा आठवडे : अमेरिकेतून एका सेमिस्टरसाठी जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेतील महाविद्यालयांत शिकणारे बरेच विद्यार्थी पदवीच्या तिसऱ्या वर्षी एक सेमिस्टर परदेशात काढतात, आणि भाषेची अडचण नको म्हणून त्यांतील अनेक जण आयर्लंड निवडतात. निवड चांगली आहे. परंतु भाषा तीच आहे म्हणजे व्यवहारही तोच असणार, हा समज पहिल्याच पंधरवड्यात महागात पडतो. अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरांतील मुलामुलींना येथे एक गंमत जाणवते. न्यू जर्सीपेक्षा वेगळे असे जे जे समोर येते, त्यातले पुष्कळसे त्यांनी पुण्या-नाशिकच्या आजोळी आधीच पाहिलेले असते : डावीकडून चालणारी वाहने, भिंतीतल्या प्रत्येक प्लगला असलेले बटण, तळमजल्यानंतर येणारा ‘पहिला’ मजला, आणि शंभरांपैकी चाळीस गुणांना उत्तीर्ण करणारी परीक्षा. दोन्हीकडे ब्रिटिश अमलाने मागे ठेवलेल्या या सवयी आहेत. ज्यांना असे आजोळ नाही, त्यांनी त्या जाण्यापूर्वीच समजून घ्याव्यात.

निघण्यापूर्वी : दिवस मोजावेत, कागद जमवावेत

अमेरिकी पारपत्र असलेल्याला आयर्लंडचा व्हिसा लागत नाही. हे खरे असले, तरी त्यामुळेच कागदपत्रांबाबत ढिलाई होते. विमानतळावर मिळणारी परवानगी जास्तीत जास्त ९० दिवसांची असते. १ सप्टेंबरला उतरलेल्या विद्यार्थ्याचे ९० दिवस नोव्हेंबरच्या अखेरीस संपतात आणि परीक्षा तर डिसेंबरमध्ये असतात. म्हणजे शरद ऋतूतील सेमिस्टरसाठी जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला तेथे गेल्यावर नोंदणी करावीच लागते. स्वतःच्या तारखा कॅलेंडरवर प्रत्यक्ष मोजून पाहाव्यात.

सोबत घ्यावयाचे कागद पुढीलप्रमाणे आहेत : आयरिश विद्यापीठाचे प्रवेशपत्र, ज्यात अभ्यासक्रमाची सुरुवात व शेवट या तारखा स्पष्ट असाव्यात, शुल्क भरल्याचा किंवा ते मूळ विद्यापीठामार्फत भरले जात असल्याचा पुरावा, खाजगी वैद्यकीय विम्याचे पत्र, ज्यात आयर्लंडचा आणि रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाचा उल्लेख असेल, स्वतःचा खर्च भागवता येईल हे दाखवणारे बँकेचे विवरण, आणि राहण्याच्या जागेचा पत्ता. हे सर्व कागदावर छापून हातातल्या पिशवीत ठेवावे. रात्रभराच्या प्रवासानंतर बॅटरी संपलेल्या फोनमधले प्रवेशपत्र कोणालाही दाखवता येत नाही.

ज्यांचे शिक्षण अमेरिकेत चालू आहे पण पारपत्र भारतीय आहे, त्यांच्यासाठी ही सूट नाही. त्यांना निघण्यापूर्वी आयर्लंडचा दीर्घ मुदतीचा अभ्यास-व्हिसा घ्यावा लागतो. ग्रीन कार्ड असले तरी हा नियम बदलत नाही. मराठी घरांत एका भावाचे पारपत्र अमेरिकी आणि दुसऱ्याचे भारतीय असे असू शकते, म्हणून थोरल्याच्या अनुभवावरून धाकट्याचे नियोजन करू नये.

नियमित औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडून औषधाचे मूळ रासायनिक नाव, मात्रा आणि कारण लिहिलेले पत्र घ्यावे. अमेरिकेतील प्रिस्क्रिप्शन दाखवून आयर्लंडच्या औषधदुकानात औषध मिळेल असे गृहीत धरू नये. तेथील डॉक्टरकडून नवे लिहून घ्यावे लागते, आणि लक्ष केंद्रित होण्यासाठी दिली जाणारी अमेरिकेतील काही औषधे तेथे त्याच नावाने किंवा त्याच स्वरूपात मिळत नाहीत. ही चौकशी उन्हाळ्यातच पूर्ण करावी.

सामानाबाबत एकच गोष्ट आग्रहाने सांगण्यासारखी आहे. आयर्लंडमधील वीज २३० व्होल्टची आणि प्लग तीन चौकोनी पिनांचा आहे. लॅपटॉप व फोनचे चार्जर दोन्ही दाबांवर चालतात, त्यांना फक्त अडॅप्टर पुरतो. केस वाळवण्याचे अमेरिकी यंत्र मात्र केवळ अडॅप्टर लावून चालवल्यास जळते. ते घरीच ठेवून तेथे स्वस्तातले नवे घ्यावे. भारतात वापरलेला अडॅप्टर असेल तर तोही उपयोगाचा नाही, कारण भारतातील पिना गोल असतात.

उतरल्याचा दिवस

पूर्व किनाऱ्यावरून निघालेली बहुतेक विमाने आयर्लंडमध्ये सकाळी लवकर पोहोचतात. पारपत्र तपासणीच्या खिडकीवर ‘येण्याचे कारण काय?’ असे विचारले जाते, तेव्हा ‘शिक्षण’ हेच उत्तर द्यावे. सहज बोलण्याच्या ओघात ‘फिरायला’ असे निघून गेले तर पर्यटकाचा शिक्का बसतो आणि पुढच्या नोंदणीत विनाकारण गुंतागुंत होते. शिक्का मिळाल्यावर तेथेच उभे राहून त्यावरची तारीख वाचावी आणि त्या पानाचे छायाचित्र घ्यावे.

डब्लिन विमानतळाला रेल्वे नाही. शहरात जाण्यासाठी बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. गॉलवे, कॉर्क किंवा लिमरिक येथे जाणाऱ्यांनी डब्लिन शहरात उतरण्याची गरज नाही, कारण विमानतळावरूनच त्या शहरांकडे थेट बसगाड्या सुटतात. गॉलवेपर्यंतचा प्रवास साधारण अडीच ते तीन तासांचा आहे. विमान उशिरा आले तर पंचाईत होऊ नये, म्हणून तिकीट काढताना मध्ये पुरेसा वेळ ठेवावा. लिमरिकला जाणाऱ्यांनी शॅननचे विमान मिळते का हे आधी पाहावे. तो विमानतळ त्या शहरापासून फार जवळ आहे.

रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे पाहावे. हे वाचताना सोपे वाटते, परंतु पंचवीस तास न झोपलेल्या माणसाची मान सवयीने डावीकडेच वळते.

पहिली रात्र आणि घर

विद्यापीठाच्या आवारातील घरांत साधारणपणे प्रत्येकाला स्वतंत्र खोली आणि पाच-सहा जणांत एक स्वयंपाकघर मिळते. अमेरिकेसारखी जेवणाची पूर्ण योजना सहसा नसते, त्यामुळे स्वयंपाक स्वतः करावा लागतो. पुष्कळ ठिकाणी चादर, उशी, पातेली, ताटल्या यांतले काहीच नसते. म्हणून पहिल्याच दुपारी, झोप आवरून, खरेदीला जावे. अंथरूण-पांघरुणासाठी ‘पेनीज’ हे दुकान सर्वांना ठाऊक असते. इतर देशांत जे ‘प्रायमार्क’ म्हणून ओळखले जाते त्याचेच हे मूळ नाव असून त्याचे पहिले दुकान १९६९ मध्ये डब्लिनमध्ये सुरू झाले. किराण्यासाठी लिडल व आल्डी स्वस्त, टेस्को आणि डन्स मध्यम, आणि कोपऱ्यावरची छोटी दुकाने सर्वांत महाग, असा ढोबळ क्रम आहे. पिशवी घरून न्यावी.

काही विद्यार्थी एखाद्या कुटुंबाच्या घरात खोली घेऊन राहतात. याला तेथे ‘डिग्ज’ म्हणतात. ही सोय स्वस्त आणि बऱ्याचदा मायेची असते, परंतु अशा पाहुण्याला कायद्याने भाडेकरूचे संरक्षण नसते; म्हणून पाहुणे आणता येतील का, शनिवार-रविवारी राहता येईल का, स्वयंपाकघर कधी वापरता येईल, हे आधीच लेखी ठरवून घ्यावे. आयर्लंडमध्ये घरांची तीव्र टंचाई आहे आणि तिचा फायदा घेणारे भामटेही आहेत. खोली प्रत्यक्ष किंवा निदान विश्वासातल्या माणसामार्फत पाहिल्याशिवाय अनामत रक्कम पाठवू नये, मग समोरचा कितीही घाई करो.

गरम पाण्याबाबत थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण पहिल्या सकाळी सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. अमेरिकेत नळ सोडला की गरम पाणी येते. आयर्लंडच्या जुन्या घरांत मात्र पाण्याच्या टाकीतील विजेचा हीटर, ज्याला सगळे ‘इमर्शन’ म्हणतात, तो अंघोळीच्या आधी लावावा लागतो आणि नंतर आठवणीने बंद करावा लागतो. आजोळी गिझर लावून वाट पाहिलेल्यांना हे सांगावे लागणार नाही. आजी जशी ‘गिझर बंद केलास का?’ असे विचारते, तसेच घरमालकीणही विचारणार, आणि इमर्शन चालू ठेवून बाहेर जाणारा पाहुणा तिच्या मनातून उतरणार, हे निश्चित. काही न्हाणीघरांत विजेवर चालणारा शॉवर असतो. त्याचे पाणी सुरू होण्यासाठी आधी छतापासून लोंबणारी दोरी ओढावी लागते. न्हाणीघरात दाढीच्या यंत्रापुरता प्लग सोडला तर वीज-जोडणी नसते, त्यामुळे केस खोलीतच वाळवावे लागतात. आणि कोणतेही उपकरण चालत नसेल, तर ते बिघडले असे समजण्यापूर्वी भिंतीवरचे बटण पाहावे.

पहिला आठवडा : फोन, पैसे, बस

फोन अमेरिकी कंपनीने कुलूपबंद, म्हणजे फक्त तिच्याच सिमवर चालेल असा, केलेला नाही याची खात्री निघण्यापूर्वी करावी. मग आयर्लंडचे प्रीपेड सिम कोणत्याही मोठ्या दुकानात मिळते आणि महिन्याला साधारण २० युरोंत भरपूर डेटा येतो. वर्गमित्र, घरातील सोबती, हौशी मंडळे, सगळ्यांचे निरोप व्हॉट्सॲपवर चालतात. अमेरिकेत केवळ आजी-आजोबांसाठी ठेवलेले हे ॲप येथे रोजच्या कामाचे ठरते.

एका सेमिस्टरसाठी आयरिश बँकेत खाते उघडण्याच्या मागे लागू नये, कारण त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागतो आणि तो मिळेपर्यंत निम्मे सत्र उलटते. परदेशी व्यवहारावर शुल्क न लावणारी दोन कार्डे, तीही दोन वेगळ्या बँकांची, पुरेशी होतात. किमतीच्या पाटीवरची रक्कम करासहित असते, त्यामुळे दहा युरोंची वस्तू दहा युरोंनाच मिळते. रोखीने पैसे देताना एकूण रक्कम जवळच्या पाच सेंटांपर्यंत कमी-जास्त केली जाते. ती लबाडी नव्हे, २०१५ पासूनची पद्धत आहे. पाणी किंवा शीतपेयाच्या बाटलीवर मात्र १५ किंवा २५ सेंट अनामत आकारली जाते. १ फेब्रुवारी २०२४ पासून ही योजना लागू आहे. रिकामी बाटली न चेपता दुकानातील यंत्रात टाकली की ते पैसे परत मिळतात. उपाहारगृहात बक्षिशी ऐच्छिक असते. टेबलावर बसून जेवल्यास दहा टक्के ठेवणे पुष्कळ झाले, आणि पबच्या गल्ल्यावर पेय घेतल्यास काहीच ठेवावे लागत नाही.

बस, ट्राम आणि लोकल गाड्यांसाठी ‘लीप कार्ड’ घ्यावे. विद्यार्थ्यांचे आणि १९ ते २५ वयोगटाचे कार्ड वेगळे असते व त्यावर भाडे जवळजवळ निम्मे होते. डब्लिनमध्ये ९० मिनिटांच्या आत बस, लुआस ट्राम आणि डार्ट लोकल बदलत गेले तरी एकच भाडे पडते. कार्ड नसेल तर बसमध्ये नेमकी नाणी द्यावी लागतात. नोट चालत नाही आणि सुटे परत मिळत नाहीत. लुआसमध्ये चढण्यापूर्वी आणि उतरल्यावर, दोन्ही वेळा फलाटावरच्या यंत्राला कार्ड टेकवावे. थांब्यावर नुसते उभे राहून बस थांबत नाही, हात पुढे करावा लागतो. आणि उतरताना चालकाला धन्यवाद म्हणण्याची पद्धत आहे, जी न पाळणारा लगेच परका म्हणून ओळखू येतो. बसच्या कपाळावर ‘अन लार’ असे दिसले तर ती शहराच्या मध्यभागी जाते. आयरिश भाषेतील आणखी दोन शब्द तातडीने पाठ करावेत : स्वच्छतागृहाच्या दारावरचा ‘फिर’ म्हणजे पुरुष आणि ‘म्ना’ म्हणजे स्त्रिया. दुसऱ्या शब्दाचे आयरिश स्पेलिंग इंग्रजी डोळ्यांना ‘मॅन’सारखे दिसते, आणि पुढचे सांगायला नको.

नोंदणी

९० दिवसांपेक्षा अधिक राहणाऱ्याने निवासाची नोंदणी करून आयरिश निवास-परवान्याचे कार्ड घ्यावे लागते. शुल्क ३०० युरो आहे. डब्लिनमध्ये राहणाऱ्यांचे हे काम लिफी नदीकाठच्या बर्ग की येथील कार्यालयात होते. इतर काही काउंट्यांत व्यवस्था निराळी असून ती ‘गार्डा’, म्हणजे पोलीस, यांच्या ठाण्यातून चालते. कोणत्या गावी काय करायचे, हे विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय स्वागत-सत्रात सांगते. ते सत्र झोपेपायी बुडवू नये. भेटीची वेळ मिळायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यातच अर्ज करावा.

सेमिस्टरपुरते आलेल्यांना सहसा ‘स्टँप २ए’ हा निवास-परवानगीचा शिक्का मिळतो आणि त्यावर नोकरी करता येत नाही. पूर्ण पदवीसाठी आलेल्यांना मिळणाऱ्या ‘स्टँप २’वर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते. चहाच्या दुकानातील पगारावर खर्च भागवण्याचा बेत केवळ कोणा मित्राच्या सांगण्यावरून आखला असेल, तर तो मित्र कोणत्या शिक्क्यावर होता हे आधी विचारावे.

वर्ग : जेथे खरी चूक होते

अमेरिकी विद्यार्थ्याचे सर्वांत मोठे नुकसान फोन किंवा बसमुळे होत नाही. ते अभ्यासात होते, आणि ते डिसेंबरपर्यंत लक्षातही येत नाही.

प्रथम श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा, हिशेब करावा. युरोपीय पद्धतीत एका सेमिस्टरचा पूर्ण भार ३० श्रेयांकांचा असतो आणि बहुतेक अमेरिकी विद्यापीठे दोन युरोपीय श्रेयांकांना आपला एक धरतात. म्हणजे पाच श्रेयांकांचा एक विषय घरी अडीच भरतो, आणि १५ अमेरिकी श्रेयांक हवे असतील तर असे सहा विषय घ्यावे लागतात. घरी पाच विषय घेत होतो म्हणून येथेही पाच घेतले, तर अडीच श्रेयांक कमी पडतात. विषय बदलण्याची मुदत पहिल्या काही आठवड्यांतच संपते. बदललेल्या विषयाला घरच्या मार्गदर्शकाची संमती ईमेलवर लेखी घ्यावी. दोन विभागांच्या तासांच्या वेळा एकमेकांवर आदळतात हेही वारंवार घडते, म्हणून राखीव दोन विषय मनात असावेत.

दुसरी गोष्ट गुणांची. येथे ७० म्हणजे प्रथम श्रेणी, आणि ती सहज मिळत नाही. ६० ते ६९ चांगले आणि ४० ला उत्तीर्ण. पहिल्या निबंधाला ६४ गुण पाहून अमेरिकी विद्यार्थ्याचा चेहरा उतरतो, कारण घरी तो जेमतेम ‘डी’ ठरला असता. महाराष्ट्रात शिकलेल्या त्याच्या बाबांना मात्र साठाच्या पुढे फर्स्ट क्लास हे गणित ठाऊक असते, आणि त्यांना फोन केला तर ते पेढे आणायला सांगतील. मूळ विद्यापीठ या गुणांचे रूपांतर कोणत्या तक्त्याने करते, तो तक्ता आधीच मागून घ्यावा.

तिसरी गोष्ट अधिक फसवी आहे. अमेरिकेत दर आठवड्याला काही ना काही तपासले जाते : चाचणी, गृहपाठ, वर्गातील सहभाग. आयर्लंडमध्ये एखाद्या विषयाला आठवड्यात दोन व्याख्याने आणि कदाचित एक छोटा गट-तास असतो, मग दहा आठवडे कोणी काहीच विचारत नाही, आणि शेवटी एक निबंध व एक परीक्षा यांवर सगळा निकाल लागतो. हा मोकळा वेळ सुट्टीसाठी दिलेला नसतो. वाचनयादीतील सर्व पुस्तके वाचावीत अशी अपेक्षा नसली, तरी त्यांतून निवड करून स्वतःचे मत मांडावे ही अपेक्षा असते. व्याख्यानाच्या टिपणांची उजळणी करून लिहिलेला निबंध पन्नाशीतच राहतो. पहिल्या महिन्यात ग्रंथालयातून मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवाव्यात आणि प्रश्नांचा घाट पाहून घ्यावा. प्राध्यापकांना बहुधा पहिल्या नावाने हाक मारली जाते, परंतु त्यांच्यामागे लागून एखादा गुण वाढवून मागण्याची पद्धत येथे नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये शरद सत्राला ‘मिकलमस’ म्हणतात, एवढेही माहीत असावे, नाहीतर वेळापत्रकच कळत नाही.

सत्राच्या आरंभी हौशी मंडळे आणि क्रीडासंघ आपापली टेबले मांडून बसतात, तेव्हा निदान दोन ठिकाणी नाव नोंदवावे. अमेरिकी विद्यार्थ्यांनी अमेरिकी विद्यार्थ्यांतच राहणे ही नेहमीची चूक आहे. आयरिश मुले बहुतेक शुक्रवारी गावी जातात, त्यामुळे त्यांची ओळख शनिवारी होणार नाही, मंगळवारच्या संध्याकाळी होईल.

बोलणे-चालणे

‘हाऊ आर यू’ हे अभिवादन आहे, विचारपूस नव्हे. ‘ग्रँड’ म्हणजे भव्य नव्हे, ‘ठीक आहे’. ‘क्रॅक’ म्हणजे गप्पाटप्पा, मजा. ‘प्रेस’ म्हणजे कपाट, ‘गिव्हिंग आउट’ म्हणजे रागावणे. ‘हाफ फाइव्ह’ म्हणजे साडेपाच, आणि ‘फोर्टनाइट’ म्हणजे आपला पंधरवडा. घरी बोलावल्यावर चहा विचारला की पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचे, यजमानाने पुन्हा विचारायचे आणि मग घ्यायचा, हा शिष्टाचार मराठी माणसाला शिकवावा लागत नाही; अमेरिकी मित्र मात्र पहिल्या ‘नको’लाच खरे मानून यजमानाचा आग्रह तोडतो.

आडनावाच्या बाबतीत ‘-कर’ मंडळींना थोडा लाभ आहे. लिओ वराडकर दोनदा पंतप्रधान झाल्यामुळे, ज्यांचे वडील मालवण तालुक्यातील वराड गावचे, हा प्रत्यय आयर्लंडमध्ये कोणाला अनोळखी वाटत नाही.

मद्यपानाचे कायदेशीर वय १८ आहे आणि अमेरिकेतून आलेल्या वीस वर्षांच्या मुलांचा तोल येथेच जातो. पबमध्ये ‘राउंड’ची पद्धत असते : प्रत्येकाने आळीपाळीने सर्वांसाठी पेय आणायचे. स्वतःची पाळी आल्यावर निघून जाणे फार वाईट दिसते. न पिणाऱ्याने किंवा कमी पिणाऱ्याने ‘मी राउंडमध्ये नाही’ असे सुरुवातीलाच सांगावे. कोणी वाईट वाटून घेत नाही. आपत्कालीन क्रमांक ११२ किंवा ९९९ आहे. साध्या आजारात थेट रुग्णालयाच्या तातडी विभागात जाऊ नये. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तेथे १०० युरो पडतात आणि तासन्‌तास बसावे लागते. आधी विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रात जावे.

पाऊस, अंधार आणि बेलफास्ट

डब्लिनचा वर्षभराचा पाऊस साधारण ७५० मिलिमीटर, म्हणजे पुण्याच्या आसपासच आहे. फरक इतकाच, की पुणे तो चार महिन्यांत उरकते आणि डब्लिन तो बारा महिन्यांत थेंबथेंब वाटते. गॉलवेला त्याहून जास्त पडतो. वाऱ्यात छत्री उलटते, म्हणून टोपी असलेले चांगले जलरोधक जाकीट घ्यावे. डिसेंबरमध्ये सूर्य चारच्या सुमारास मावळतो. घरची आठवण त्या सुमारास वाढते, त्यामुळे संध्याकाळचे एखादे ठरलेले काम असणे हिताचे.

आयर्लंड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे प्रवेशाचे सामाईक नियम पाळणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, त्यामुळे येथील दिवस पॅरिस-रोमच्या ९० दिवसांत मोजले जात नाहीत. उत्तर आयर्लंड मात्र युनायटेड किंगडममध्ये येते. डब्लिनहून बेलफास्टला जाणाऱ्या रेल्वेत सीमा दिसतही नाही, तरीही ८ जानेवारी २०२५ पासून अमेरिकी नागरिकांना तेथे जाण्यापूर्वी ब्रिटनची इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवानगी घ्यावी लागते. आयर्लंडमध्ये कायदेशीर वास्तव्य असून त्याचा पुरावा दाखवता येणाऱ्यांना त्यातून सूट आहे. निवास-परवान्याचे कार्ड हाती येईपर्यंत असा पुरावा सहसा नसतो, म्हणून त्याआधी जायचे असल्यास परवानगी काढूनच जावे. भारतीय पारपत्रधारकांनी ब्रिटनच्या व्हिसाची स्वतंत्र चौकशी केल्याशिवाय त्या गाडीत बसू नये.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आयर्लंडमधील घड्याळे एक तास मागे जातात, अमेरिकेतील मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या आठवड्यात न्यू जर्सीशी असलेला पाच तासांचा फरक चार तासांचा होतो, आणि भारताशी असलेला साडेचार तासांचा फरक त्याच रविवारपासून साडेपाच तासांचा होऊन मार्चअखेरपर्यंत तसाच राहतो. आजीला रात्री नऊनंतर फोन केलेला चालत नसेल, तर तो आता दुपारी साडेतीनच्या आत करावा लागेल.